येसाक्काचा दगड

सराटवाडीच्या वेशीवरचा हा काळा दगड बघा. मधोमध घासून गुळगुळीत झालाय. देव समजून शेंदूर फासू नका, तो बसण्यासाठी आहे. ताई, नवे बूट चावतात ना? मघापासून लंगडताय. मग तुम्ही बसाच. मला मात्र बसा म्हणू नका, ही गोष्ट सांगताना मला एका जागी राहवत नाही.

फार जुन्या काळी गावच्या पाटलाची आई होती येसाक्का. तिची लेक सगुणा घाटापलीकडे दिलेली. सगुणेची दोन बाळं दगावली होती. तिसऱ्या खेपेला तिनं निरोप धाडला, "आई, तू उशाशी हवीस." येसाक्कानं येते म्हणून शब्द दिला. पण तिचे तळवे इतके हुळहुळे, की बाजरीचा दाणा पायाखाली आला तरी डोळ्यांत पाणी यायचं, असं सांगतात. आणि घाटाची वाट अशी अरुंद, की डोलीसुद्धा जात नसे. चालण्यावाचून इलाज नव्हता.

पायताणं शिवणारा सटवाजी हा आमचा पूर्वज. हात मोठा कसबी. पण त्या काळी आमच्या माणसानं पाटलिणीच्या पायाला शिवायचं नाही. मग माप कसं घेणार? घरातली बाई पावलाच्या लांबीचं ज्वारीचं चिपाड मोडायची, आणि गडी ते सटवाजीच्या अंगणात टाकून जायचा. वरच्या आळीतली सगळी पायताणं अशीच व्हायची.

पहिला जोड परत आला. दुसरा शेळीच्या मऊ कातड्याचा केला, तोही परत. तिसऱ्यात कापूस भरला, तर पाय आतल्या आत हलून जास्तच दुखला. दर खेपेला नवं चिपाड यायचं. तिकडे सगुणेचे दिवस भरत आले. येसाक्का ओसरीवर बसायची, उठायची, घाटाकडे बघायची, पुन्हा बसायची. इकडे सटवाजीला अन्न गोड लागेना. सहावा जोड परत आला, तेव्हा त्याची बायको वैतागली, "अवो, चिपाडाला दुखतंय व्हय? एकदा पाय बघा की!"

सटवाजी तडक पाटलाच्या दारात जाऊन उभा राहिला. माणसं अंगावर धावून गेली, त्याला ढकलत वेशीपर्यंत आणलं. गलका ऐकून येसाक्का बाहेर आली. भिंती धरत, कळा सोसत ती मागोमाग इथवर पोचली. या दगडावर बसली आणि सगळ्यांदेखत तिनं पाय सटवाजीच्या मांडीवर ठेवला.

"दाबून बघ," ती म्हणाली.

तो अंगठ्यानं चाचपत गेला. दुखत होतं ते दोनच ठिकाणी, टाचेच्या मधोमध आणि अंगठ्याच्या मुळाशी. बाकीचा पाय ठणठणीत होता.

"आन् मी समदा तळ मऊ करीत बसलो, आक्का," सटवाजी म्हणाला.

त्यानं जाड तळ घेतला, नेमक्या त्या जागी खळगे कोरले, वरून मऊ कातडं ओढलं. दिवस कलायच्या आत जोड तयार झाला. येसाक्कानं तो पायात घातला आणि तशीच घाटाकडे निघाली. घरीसुद्धा गेली नाही म्हणे.

ती पोचली तेव्हा बाळ रडत होतं. सगुणा सकाळीच गेली होती. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती.

दिवसपाणी आटोपून येसाक्का नातीला पोटाशी धरून परतली. वेशीवर पंच आडवे आले. सटवाजीला शिवून विटाळ झालाय, प्रायश्चित्त घे, मगच गावात ये, म्हणाले.

"सहा येळा चिपाड धाडलं म्या," येसाक्का म्हणाली. "पयल्याच दिशी पाय दिला असता, तर लेकीचा हात माझ्या हातात असता. त्याचं प्रायश्चित्त काय, ते सांगा आधी."

पंच वाटेतून बाजूला झाले. मला इथं दरवेळी रडू येतं, आणि रागही येतो.

वर्षभरानं नात पावलं टाकू लागली. येसाक्कानं तिला या दगडावर बसवलं, आणि तिचे पाय सटवाजीच्या मांडीवर दिले.

आजही सराटवाडीत मूल कुणाच्याही घरचं असो, त्याच्या पहिल्या चपलेचं माप इथेच घेतात. आई पोराला बसवते, मी खाली मांडी घालतो आणि दोन्ही तळवे सावकाश दाबून बघतो. सत्तरी ओलांडली मी. तरी पाटलाच्या घरचं मूल असलं, की पाय हातात घेण्याआधी मी अजून आजूबाजूला बघतो.