चिमटीचं अर्धं दूध

चिमटी हे मांजराचं पिल्लू. दिसायला एवढंसं, पण मुलखाचं संशयी!

एका सकाळी चिमटीचा एक डोळा मिटला. लाल झाला. पाणी गळू लागलं. समोर बशीभर दूध, पण चिमटीला दिसलं अर्धंच!

"हुं! अर्धं दूध कुणी प्यालं? काहीतरी काळंबेरं आहे!"

कुणी नाही गं बाई! डोळाच मिटलाय तुझा!

"डोळ्या, डोळ्या, उघड ना!
अर्धं दूध दिसेना!"

"मी नाही उघडणार! आधी थेंब पडू दे."

लुटुलुटु, लुटुलुटु. चिमटी गेली फ्रिजपाशी. फ्रिजच्या दारात एक जुनी बाटली. ढब्बू कुत्र्याचे डोळे सुजले होते, तेव्हाची उरलेली. घरची वत्सूआत्या काही टाकून देते होय! म्हणाली, "औषध चांगलंय. हेच घालूया."

चिमटीने हुंगलं. "हुं! काहीतरी काळंबेरं आहे! बाटली, बाटली, थेंब दे ना!
डोळा उघडेना,
अर्धं दूध दिसेना!"

"मी नाही देणार! मी ढब्बूची. आधी डॉक्टरीणबाईंना सांगू दे."

लुटुलुटु, लुटुलुटु. चिमटी गेली दवाखान्यात. मागून आत्या, हातात बाटली.

"बाई, बाई, सांगा ना!
बाटली देईना,
डोळा उघडेना,
अर्धं दूध दिसेना!"

बाईंनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकला. टप! "आत्ताच नाही सांगणार! आधी निळा दिवा लागू दे."

"हुं! निळा कशाला? काहीतरी काळंबेरं आहे! दिव्या, दिव्या, लाग ना!
बाई सांगेनात,
बाटली देईना,
डोळा उघडेना,
अर्धं दूध दिसेना!"

"मी नाही लागणार! आधी पडदा सरकू दे."

"पडद्या, पडद्या, सरक ना!
दिवा लागेना,
बाई सांगेनात,
बाटली देईना,
डोळा उघडेना,
अर्धं दूध दिसेना!"

"मी नाही सरकणार! आधी आत्याला ओढू दे."

चिमटी आत्याच्या अंगावर चढली.

"आत्या, आत्या, ओढ ना!
पडदा सरकेना,
दिवा लागेना,
बाई सांगेनात,
बाटली देईना,
डोळा उघडेना,
अर्धं दूध दिसेना!"

"आई गं! बोचकारतेस काय! मी नाही ओढणार! आधी नखं आत घे."

चिमटीने नखं आत घेतली. सुळ्ळकन!
आत्याने पडदा ओढला. सर्रर्र! अंधार झाला.
दिवा लागला. टिक!
बाई डोळ्यात डोकावल्या. हिरवी रेघ चमकली!

"ओरखडा आहे! रंग त्यातच अडकलाय. आत्या, ढब्बूच्या बाटलीत स्टिरॉइड आहे. ते ओरखड्यावर घातलं असतं, तर हिचा डोळा गेला असता!"

आत्या घाबरली. जुनी बाटली केराच्या डब्यात. धप्प!

"हिला हे घाला. जंतू मारणारं, अँटिबायोटिक."

नव्या बाटलीने थेंब दिला. टप! रोज टप, टप, टप. आणि एका सकाळी डोळा उघडला. दूध दिसलं. अख्खी बशी!

"हुं! पण मला ओरखडा काढला कुणी? ढब्बूने? आत्याने?"

चिमटीचा डोळा खाजला. तिने पंजा वर नेला. नख बाहेर आलं. बरोब्बर डोळ्यापाशी!

"अगं बाई! मीच?"

चिमटीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नख गुपचूप आत घेतलं. आणि अख्खं दूध पिऊन टाकलं. लप, लप, लप!