सोन्याचे उखळ

एका राज्यात भाताचा रंग पाहून माणसाची पत ठरत असे. लालसर भात खाई तो रानटी, पांढरा खाई तो शहाणा, आणि उखळात सात वेळा कांडून सडलेला, मोत्यासारखा भात खाई तो दरबारी. त्या राज्याच्या चौकात एक सोन्याचे उखळ होते. डोंगरापलीकडच्या शंखपाल मांत्रिकाने ते राजा धवलसेनाला नजर केले होते. ते आपोआप चाले. लोक वरून साळी ओतीत, खालून मोती निघत. निघालेला कोंडा वाऱ्यावर उडून डोंगरापलीकडे जाई. तो कोठे जातो हे कोणी विचारले नाही. कोंड्याची चौकशी कोण करतो?

राजाने घरोघरची दगडी उखळे विहिरीत टाकायला लावली. मग राज्यात एक दुखणे शिरले. आधी पायांना मुंग्या येत. मग पोटऱ्या सुजत. मग माणूस बसल्या जागी धापा टाकी, आणि एके दिवशी धापही थांबे. दुखणे जितके मोठे तितका भात पांढरा, अशी तिथली रीत होती. आजाऱ्याला आमटी बंद, पाला बंद, कडधान्य बंद. सातसडी तांदूळ सात पाण्यांनी धुवायचे, त्यांची पेज द्यायची. माणूस पेज पीत पीत मरे, आणि लोक म्हणत, औषधात कसूर झाली नाही.

त्या राज्यात भिवा नावाचा तरुण होता. त्याला दोन बहिणी. थोरली गोजरा, धाकटी ठकू. गोजरा डोईवर दोन घागरी आणि कमरेवर तिसरी घेऊन घाट चढणारी बाई. ती त्या दुखण्यात गेली.

राजवैद्य म्हणाला, "देवाची इच्छा."

भिवा म्हणाला, "देवाला माझ्या बहिणीशी काय वैर?"

शेजाऱ्यांनी दुखवट्याचे जेवण आणले, पांढऱ्या भाताचा ढीग. ठकूने घास उचलला आणि खाली ठेवला.

"दादा, माझ्या पायांना मुंग्या येतात."

भिवाने ताट उचलले, वेशीबाहेर धावला आणि ते उकिरड्यावर भिरकावले.

"माझ्या अंगणात हे विष टाकू नकोस," उकिरडा बोलला. पाहतो तो वर एक तांबडी कोंबडी बसलेली.

"तू बोलतेस?"

"तुझ्याहून बरे बोलते. मी राजाच्या खुराड्यातली. आम्हालाही मोतीच मिळत. एकेकीची मान वाकडी झाली, पाय लुळे पडले, सगळ्या गेल्या. मी कुंपणावरून उडाले, बाभळीच्या काट्यांत अडकलेला कोंडा टिपला आणि उभी राहिले. अरे, दाण्याचे बळ दाण्याच्या सालीत असते. ती साल शंखपाल खातो. तुमचे पोट भरते आणि अंग उपाशी राहते."

भिवाने काट्यांतला मूठभर कोंडा ओरबाडला आणि वेशीत पाऊल टाकले. मूठ आपोआप उघडली, कोंडा उडून डोंगराकडे गेला.

"उखळ आहे तोवर असेच होणार," कोंबडी म्हणाली. "ते फुटते फक्त शंखपालाच्या खैराच्या मुसळाने. वाटेत तीन दारे आहेत."

"ठकूला येथून नेतो."

"आजाऱ्याने वेस ओलांडू नये, असा हुकूम आहे. पहारा पाहिलास ना?"

भिवाने पुढचे ऐकलेच नाही. तो डोंगराकडे पळत सुटला. पहिल्या दाराला शिळा लावलेली होती. त्याने खांदा लावला, आणि त्याचेच गुडघे मेणासारखे वाकले. तो पालथा पडला. कोंबडी मागून येऊन त्याच्या पाठीवर बसली.

"झाले शौर्य? आयुष्यभर मोती खाल्लेस, आता शिळा उचलतोस? आधी जेव."

डोंगरउतारावर एक पाडा होता. राज्यातले लोक तिथल्यांना रानटी म्हणत. तिथल्या बायकांनी भिवाचे पाय पाहिले आणि एकमेकींकडे पाहून हसल्या.

"राजाघरचा पाहुणा दिसतो. उभा राहता येत नाही!"

त्यांनी त्याला असडी तांदळाचा लाल भात वाढला, हुलग्यांच्या पिठाचे कढत, पातळ माडगे वाढले, तेलात परतलेला शेवग्याचा पाला वाढला. पहिल्या घासाला भिवाला ठसका लागला.

"हे घशाला टोचते."

"अन्न आहे ते," म्हातारी म्हणाली. "त्याला टोचण्याचा हक्क आहे. गीळ."

तो तिथे राहिला, खात राहिला, आणि रोज सकाळी वेशीकडे पाहून दात खात राहिला. एके दिवशी तो धावत ओढा ओलांडून गेला आणि धाप लागली नाही. त्याच पावली तो दाराशी आला.

हुलग्यांनी भरलेल्या खांद्याने पहिल्या दाराची शिळा सरकली.

दुसरे दार म्हणजे अंधुक भुयार. गस्तीला आलेले राजाचे शिपाई तिथे आंधळे होऊन आतल्या कड्यावरून पडत. भिवाने शेवग्याचा पाला खाल्ला होता. त्याला पायाखालचा खडान्‌खडा दिसला.

तिसऱ्या दारात शंखपाल स्वतः बसला होता. वय डोंगराएवढे, गाल तान्ह्या बाळाचे. पुढ्यात कोंड्याची परात. बाजूला पांढऱ्या तांदळाची रास, आणि राशीला टेकवलेले खैराचे मुसळ.

"काय मागतोस?"

"मुसळ."

"मुसळ सोड. तुझी बहीण देतो."

त्याने चुटकी वाजवली. राशीतून गोजरा उठली, नखशिखांत पांढरी. हात पसरून म्हणाली, "बंधुराजा, थकलास. थोडी पेज घे."

भिवाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तो एक पाऊल पुढे गेलाही. मग थांबला.

"माझ्या गोजराने मला जन्मात बंधुराजा म्हटले नाही. ती म्हणायची, ए उंडग्या, पाय धुऊन ये."

त्याने मुसळ उचलून राशीवर घातले. गोजरा तांदूळ होऊन विखुरली.

शंखपाल हसला. "ती आता कधीच येणार नाही."

"ठाऊक आहे. तरी दुसरी तुला देणार नाही."

मुसळ खांद्यावर टाकून तो चौकात आला तेव्हा दरबार भरला होता. वैद्याने वाट अडवली.

"उखळ फुटले तर राज्याची अब्रू जाईल!"

"जाऊ दे. अब्रूला निदान चालता येते. माझ्या बहिणीला येत नाही."

शिपाई पुढे आले, पण दोन पावलांत धापा टाकीत खाली बसले. भिवा सिंहासनापाशी गेला, राजाचा जामा वर केला आणि नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. अंगठा काढला तरी तो भरेना. सगळ्या दरबाराने पाहिले.

"महाराज, हा शाप तुमच्याच पंगतीला बसतो. गोजराचे पाय असेच होते."

राजाने दुसऱ्या नडगीवर स्वतःचा अंगठा दाबून पाहिला. मग म्हणाला, "फोड."

पहिल्या घावाला उखळ किंचाळले. दुसऱ्याला त्याला तडा गेला. तिसऱ्याला ते फुटले, आणि आत सोने नव्हतेच, नुसते भूस होते. डोंगरापलीकडून तपकिरी ढग आले आणि घराघरांवर कोंडा बरसला. शंखपाल एका क्षणात आपल्या खऱ्या वयाचा झाला आणि वाऱ्याने उडून गेला.

विहिरींतून दगडी उखळे निघाली. साळी फक्त तूस जाईपर्यंत सडायची, असा नवा हुकूम सुटला. आजाऱ्याच्या ताटात डाळ आली, पाला आला, लिंबाची फोड आली. वैद्य पाड्यावर माडगे शिकायला गेला. बायकांनी त्याला आधी सरपण फोडायला लावले.

ठकूने पहिल्या दिवशी तोंड फिरवले, दुसऱ्या दिवशी शिव्या दिल्या, मग खाऊ लागली. सूज उतरली. ती भिंत धरून उभी राहिली. पुढे भिंतही सोडली, आणि एका सकाळी स्वतःच्या पायांनी चौकात आली.

राजाने भिवाला अर्धे राज्य देऊ केले. लोक ओरडले, "भिवाचा जयजयकार असो!"

"जयजयकार कशाला?" भिवा म्हणाला. "तो चितेवरून कोणाला उठवत नाही. घरी जा आणि नीट जेवा."

लोक घरी गेले आणि नीट जेवले. शाप सुटला, राज्य पायांवर उभे राहिले, आणि सांगणाऱ्याचे सांगणे येथे सरले.