आवडू चितारणीने न काढलेलं मूळ

आगबोटी बंदराला लागायच्याही आधीची ही गोष्ट. आंबेखोल गावात आवडू नावाची चितारीण राहत होती. नवरा गेल्यावर देवळाच्या भिंती रंगवायचं काम तिच्याकडे आलं. तिने भिंतीवर भाताची लोंबी काढली की चिमण्या टिपायला येत, असं म्हणतात.

गावामागच्या डोंगरावर सांजवेल होती. तिचं मूळ हिवतापावर देत. मूळ हवं तर आदल्या संध्याकाळी वेलीला अक्षता वाहून आवतण द्यायचं, सकाळी एकच तंतू घ्यायचा आणि माती परत लोटायची. तिच्यासारखीच एक खोटी वेलही तिथे वाढे. पानं तीच, फुलं तीच. फरक काय तो मुळात.

आवडूची एकुलती लेक, गोदी, डोंगरापलीकडे दिली होती. त्या गावाने व्यापाऱ्यांना खरं मूळ ओळखायला शिकवलं आणि व्यापाऱ्यांनी गाड्या भरभरून तिकडचा डोंगर उपसला. पुढच्या पावसाळ्यात गोदीला हिवताप भरला, तेव्हा तिथे एक तंतू उरला नव्हता. आवडू इथून मूळ घेऊन धावली. पोचेपर्यंत गोदी गेली होती; पुरचुंडी न सोडताच परत आली.

मग एक गोरा साहेब आला. औषधी झाडांची चित्रं तो विलायतेला धाडत असे. त्याच्या कारभाऱ्याने आवडूला बोलावलं. तिने पान काढलं, तणावा काढला, फूल काढलं. फुलावर भुंगा येऊन बसला, असं म्हणतात. जमिनीच्या रेघेशी येताच मात्र तिने कुंचला खाली ठेवला.

“आणि मूळ गं?” कारभाऱ्याने विचारलं.

“ते देवाने झाकून ठेवलंय.”

“तुझ्या कानात सांगून गेला काय देव?”

“कारभारी, तुमची आतडीही त्यानेच झाकलीत. चित्रासाठी बाहेर काढू देता?”

जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. कारभारी पेटला. मूळ काढलं नाहीस तर अंगठा तोडीन, मग देवळाची भिंतही विसर, असं त्याने बजावलं. आवडूने हात कागदावर पसरला, नेमका मुळाच्या जागी.

“अंगठा घ्या. मूळ मिळायचं नाही.”

साहेबाला भाषा कळली नाही, हात कळला. त्याने कागद होता तसा उचलला. पुढे दुसऱ्या चिताऱ्याला बसवलं, तर तेवढ्या जागी रंगच धरेना, असं म्हणतात.

वर्षाने ते चित्र घेऊन खणणारे आले. चित्रात फूल होतं, म्हणून त्यांनी फुललेल्या वेली तेवढ्या उपटल्या. खऱ्या सांजवेलीने त्या साली फूलच धरलं नव्हतं, असं म्हणतात. खोट्या मुळांनी कुणाचा ताप उतरला नाही आणि खणणारे परत फिरकले नाहीत.

आंबेखोलची लेक सासरी निघाली की आजही आवडूआईच्या नावाने तिच्या ओटीत सुकं मूळ घालतात. नव्या सुनेकडून दाराशेजारी गेरूवर सांजवेल काढून घेतात. तिचा हात जमिनीपाशी थांबतो. एखाद्या पाहुण्याने विचारलंच, मूळ कुठे आहे, तर गावातलं शेंबडं पोरही सांगतं,

“आहे तिथं आहे.”