खारीचं पळसाचं पान

फार मागे, जंगलाचा वैद्य व्हायचं तर साळूमावशीपुढे चाळीस मुळ्यांची परीक्षा द्यावी लागे. जागा एकच होती आणि ती मुंगूस व खार दोघांनाही हवी होती.

मुंगूस दिवसभर मुळ्या समोर मांडून कोणती कशावर चालते ते घोकत बसे. खार एकदा बघून लांब खडकावर जाई, आठवेल तेवढं आठवी आणि परत येऊन तपासून पाही.

"आज किती चुकलीस, खारूताई?" मुंगूस हसून विचारी.

"अकरा," असं म्हणून ती पळसाच्या पानावर नखानं काहीतरी लिही.

पुढे अकराच्या सात झाल्या, मग तीन. मुंगसाच्या पोटात दुखू लागलं. तिची सगळी जादू त्या पानातच असणार, असं त्यानं धरलं. परीक्षेच्या दिवशी ती पाणी प्यायला गेली आणि त्यानं ताजं पान पळवलं.

साळूमावशीनं आपल्या बिळात मुळ्या झाकून ठेवल्या होत्या. "खोकल्याला कोणती?" तिनं विचारलं. मुळी समोर नव्हती, मुंगसाला काही आठवेना. त्यानं हळूच पान उघडलं. त्यावर तीनच नावं होती आणि खोकल्याची मुळी त्यात नव्हती.

खारीनं चाळीसही मुळ्या बरोबर सांगितल्या. बाहेर आल्यावर तिला त्याच्या हातात आपलं पान दिसलं.

"अरे, या तर माझ्या चुका," ती म्हणाली. "तुझ्या कुठे लिहिल्यास?"

मुंगूस पान उलटंसुलटं करत राहिला.