शेंदराचं कपाळ

फार मागची गोष्ट. हिवरी आणि तळवट या दोन गावांच्या मधे एक लहानसं तळं होतं. तळ्यात शेंदूर फासलेला दगड उभा होता. जुन्यांचा नेम असा, की दगडाचं कपाळ पाण्याबाहेर दिसलं की शेतांकडे जाणारा पाट बंद करायचा. उरलेलं पाणी माणसांना आणि गुरांना प्यायला.

एका वर्षी कपाळ लवकरच उघडं पडलं. ऊस अजून उभा होता. हिवरीचे रखमाजी म्हणाले, "नेम मोडायचा नाही. पण देव जरा खोलात बसवला तर?"

"बसवा की," तळवटच्या सोनाबाई म्हणाल्या. "उन्हाचं त्यालाही गार वाटेल."

नारळ फोडून त्यांनी दगड खाली सरकवला आणि पाटाचं तोंडही तेवढंच खोल खणलं. मग दर उन्हाळ्यात तेच होऊ लागलं.

"अरे, ओरड की!" तळ्यातलं कासव दगडाला म्हणालं.

"माझं बोलणं माणसांना ऐकू जात नाही," दगड म्हणाला. "मी नुसता दिसायचो. तेच माझं ओरडणं होतं."

शेवटी दगड तळाच्या खड्ड्यात जाऊन बसला. पाण्याच्या वासानं आलेली गुरं चिखलात रुतून मेली. कासव उताणं पडलं, ते पुन्हा सुलटं झालं नाही.

मग एका दुपारी कपाळ दिसलं. दोन्ही गावं धावत आली. रखमाजींनी हात जोडले आणि नेमाप्रमाणे पाट बंद केला.

पाटात तेव्हा नुसती धूळ उडत होती.