त्रेसष्ट मेंढ्यांची युक्ती

एका गावात म्हसू नावाचा एक मेंढपाळ होता. त्याला हिशेब येत होता, आणि तिथूनच घात झाला.

त्याच्याकडे त्रेसष्ट मेंढ्या होत्या. बायकोने, धुरपाने, माहेराहून आणलेल्या सात मेंढ्यांपासून हा कळप वाढला होता.

गावच्या आठवडी बाजारात एक कवडीवाला बसे. कवडी उताणी पडली तर लावल्या तितक्या मेंढ्या तो देई, पालथी पडली तर लावलेल्या घेई. म्हसूने युक्ती काढली. आधी एक मेंढी लावायची. गेली तर दोन, मग चार, मग आठ. कधीतरी उताणी पडणारच. त्या एका फेकीत गेलेलं सगळं परत, वर एक मेंढी नफा. मग उठायचं.

वीस बाजार तो जिंकून उठला. जिंकलेली मेंढी कापायची आणि गावाला जेवू घालायचं. ज्याला कवडीवाल्याकडून दर बाजारी एक मेंढी पोचत असे तो पाटील पंगतीत म्हणे, "याला म्हणतात डोकं!"

"अवं, एका मेंढीसाठी तुमी सगळा कळप पणाला लावताय," धुरपा म्हणाली.

"जुगारी हरतात. मी जुगार खेळत नाही, गणित करतो."

"मग गणिताला इचारा, मेंढ्या संपल्यावर काय लावायचं?"

म्हसू हसला. घास तोंडात असलेलं गावही हसलं.

एकविसाव्या बाजारी कवडी पालथी पडली. पुन्हा पालथी. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा पालथी. एकतीस मेंढ्या गेल्या. धुरपा गर्दीतून पुढे आली आणि तिने नवऱ्याचा हात धरला.

"बत्तीस हायत अजून. बत्तिसांवर संसार हुतो. चला घरी."

"पाच वेळा पालथी पडली. आता उताणी पडायलाच हवी."

"कवडीला काय ठावं, मघाशी कशी पडली ती?"

कवडीवाला अदबीने म्हणाला, "घाई नाही म्हसूबा. गूळपाणी घ्या, मग टाकू."

म्हसूने बत्तीसच्या बत्तीस लावल्या. कवडी पालथी पडली.

ती कवडी खोटी नव्हती. खोटेपणाची गरजच नव्हती. असे सहा डाव ओळीने कधीतरी पडतातच, आणि कवडीवाल्याला वाट बघायला काहीच हरकत नव्हती.

पाटील म्हणाला, "लोभी होता." वीस पंगती जेवलेले म्हणाले, "आम्ही तेव्हाच ओळखलं होतं." धुरपा आता कवडीवाल्याच्या मेंढ्या राखते. त्यातल्या कित्येक तिच्या हातून जन्मलेल्या आहेत.

पुढच्या बाजारी शेजारगावचा एक मेंढपाळ एकशे सत्तावीस मेंढ्या हाकत आला.

"म्हसूचं चुकलं कुठं ठाऊक आहे?" तो म्हणाला. "सातव्या डावाला त्याच्याकडे मेंढ्या नव्हत्या. माझ्याकडे आहेत."

कवडीवाल्याने त्याच्यासाठी घोंगडी अंथरली. पाटलाने पानाचा विडा दिला.

तात्पर्य: डाव दुप्पट केल्याने नशीब बदलत नाही, रोजची हार फक्त एका दिवसासाठी साठत जाते, आणि त्या दिवशी सगळं घेऊन जाते. जे गाव अशा युक्तीला अक्कल म्हणून तिच्या पंगतीला बसतो, त्याने नंतर बुडालेल्याला मूर्ख म्हणू नये.