सांध्याची तार

फार पूर्वी, जिथे आगगाडी कधी पोहोचलीच नाही अशा एका डोंगराळ गावात एक सुतार आणि एक तांबट राहत होते. दोघे बाळमित्र. सुताराला देखणेपणाचं भारी वेड. साधी कडी ठोकली तरी चार पावलं मागे जाऊन मान वाकडी करून बघायचा. तांबट मात्र काम चालतंय ना, एवढंच बघणारा.

तांबटाची नजर हळूहळू अधू होत चालली होती. गिऱ्हाइकं कमी झाली, तसा तो मनातून खचला. एक दिवस सुताराला म्हणाला, "जत्रेत पोरांना दाखवायला खेळण्यातली आगगाडी करू. रूळ तू कर, इंजिन मी चाचपून करतो. ते गावासमोर नीट धावलं तर समजेन की डोळे गेले तरी हात शाबूत आहेत. नाहीतर भट्टी कायमची विझवीन."

हिवाळाभर दोघे खपले. सुताराने मोठ्या मेजावर रूळ, पूल, स्टेशन आणि बोटाएवढी झाडं केली. तांबटाने किल्लीवर चालणारं पितळी इंजिन घडवलं. सगळं जमलं, फक्त सांधा दाद देईना. सांधा म्हणजे एका रुळाचे दोन फाटे होतात ती जागा. तिथली पट्टी हाताने सरकवली की गाडी पुलाकडे वळायची. पण गाडीच्या हादऱ्याने पट्टी मागे सरके आणि चाकं रूळ सोडत.

तांबटाने मोडक्या छत्रीची तार काढली, वाकवली आणि पट्टीच्या बगलेत अशी बसवली की ती पट्टीला दाबून धरी. पट्टी ओढायला तारेच्या टोकाला सदऱ्याचं एक बटण लावलं. त्यानंतर इंजिन एकदाही घसरलं नाही.

सुताराच्या डोळ्यांत मात्र ती तार खुपत राहिली. एवढा हिरवागार रंगवलेला माळ, आणि त्यात फलाटाला लागून गंजकं लोखंड.

जत्रेच्या दिवशी मेज देवळाच्या ओसरीवर मांडलं. तांबट अजून यायचा होता. सुताराने बटणासकट तार उपसली आणि केरात टाकली. पट्टी बोटाने दाबून पाहिली, ती जागेवर राहिली. 'एका फेरीचा तर प्रश्न आहे,' असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली.

गाव लोटलं. जो तो स्टेशनची वाखाणणी करू लागला आणि सुताराची स्वारी खुशीत आली. तेवढ्यात काठी टेकत तांबट आला.

"सांधा पुलाकडे लावलायस ना?" त्याने विचारलं.

"लावलाय," सुतार म्हणाला.

तांबटाने किल्ली दिली. इंजिन झोकात निघालं. सांध्यावर पट्टी सरकली, पुढची चाकं पुलाकडे गेली आणि मागची फलाटाकडे. इंजिन आडवं झालं आणि मेजावरून थेट दगडी फरशीवर आपटलं.

तांबटाला काही दिसलं नाही, पण आवाज कळला. खाली बसून तो तुकडे गोळा करू लागला. "तार निसटली असणार," तो म्हणाला. "माझ्याच हाताने बसवलेली. आता हातही गेले म्हणायचे."

सुताराच्या अगदी ओठावर आलं होतं. पण भोवती सगळं गाव उभं, आणि आत्ताच तर सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलेलं. घरी गेल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. घरी गेल्यावर उद्यावर टाकलं. असे बरेच उद्या गेले.

तांबटाने भट्टी विझवली. दिवसभर तो ओट्यावर हात मांडीवर ठेवून बसे. सुतार रोज यायचा, हवापाण्याचं बोलून जायचा. शेवटी एक दिवस त्याला राहवेना.

"गड्या, तुझी तार निसटली नव्हती," तो म्हणाला. "दिसायला वाईट दिसते म्हणून मीच काढली होती."

तांबटाने चाचपून सुताराचा हात हातात घेतला. "तसं असतं तर तू तिथल्या तिथे सांगितलं असतंस. मी काय तुला आज ओळखतो? माझं मन राखायला आळ स्वतःवर घेतोयस. नको रे असं करू."

सुताराने शपथा घेतल्या, पाय धरले. तांबट नुसता मान हलवत राहिला. पुढे ओट्यावर जो कोणी येई त्याला तो कौतुकाने सांगे, की मित्र असावा तर आमच्या सुतारासारखा. सुतार शेजारी बसून ते ऐकत असे.

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याने स्वतःच्या माथी घेण्याआधी कबूल करावी; उशिरा सांगितलेलं खरं लोकांना नुसतं सांत्वन वाटतं.